‘सिल्मरिलियन’ चारचौघांत वाचायचं तर: मेसेजचा ग्रुप की रविवारची बैठक?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किन यांचं ‘द सिल्मरिलियन’, म्हणजे त्याच जगाच्या पुराणकाळाच्या कथा, एकट्यानं दोनदा हातात घेतलं, दोन्ही वेळा पाचव्या प्रकरणाच्या आसपास खाली ठेवलं, आता चारसहा जण जमवून ऑनलाइन वाचावं म्हणतो, तर कसं जमवू? गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला तिघांनी विचारला. त्यांना तोंडी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. मी हे पुस्तक आपल्या माणसांबरोबर दोन तऱ्हांनी वाचलं आहे. पहिल्यांदा फोनवरच्या मेसेजच्या ग्रुपमध्ये: आठवड्याला एक प्रकरण ज्यानं त्यानं आपापलं वाचायचं आणि ग्रुपवर बोलायचं. दुसऱ्यांदा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बसून, मोठ्यानं, आळीपाळीनं. माणसं दोन्ही वेळा जवळपास तीच होती, त्यामुळे तुलना फार अन्यायाची होऊ नये. तरी अनुभव दोनच फेऱ्यांचा आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

आधी पुस्तकाबद्दल थोडं, कारण निवड त्यावरच ठरते. हे पुस्तक कादंबरीसारखं चालत नाही. यातल्या सुरुवातीच्या कथा टोल्किन यांनी पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवरून आजारी होऊन परतल्यावर लिहायला घेतल्या, आणि १९७३ मध्ये ते गेले तेव्हाही सगळं अपुरंच होतं. मुलगा ख्रिस्तोफर यांनी, पुढे स्वतः कादंबरीकार झालेल्या गाय गॅव्हरिएल के यांच्या मदतीनं ते जुळवलं आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध केलं. सगळा सूर बखरीचा आहे. अमक्याचा मुलगा तमका, त्यानं अमुक नदीच्या उत्तरेला राज्य वसवलं, पुढे त्याचा असा असा अंत झाला. संवाद थोडे, नावं शेकड्यांनी, आणि एकेका माणसाला दोन-तीन नावं.

ग्रुप करायचा म्हटलं की पहिली भीती असते ती कुणीतरी पुढचं सांगून रसभंग करील याची. या पुस्तकापुरती ती भीती सोडून द्या. कोण पडणार, कोणतं राज्य बुडणार हे प्रकरणांची नावंच सांगतात. अठराव्याच्या शीर्षकात फिंगॉल्फिनचा पाडाव आहे, बाविसाव्याच्या डोरिएथचा विनाश, तेविसाव्याच्या गॉन्डोलिनचा. कोण मरणार हे कळल्यानं इथे काही बिघडत नाही. बिघडतं ते मेला तो कोण होता हेच न कळल्यामुळे. आणि तिथेच मेसेजचा ग्रुप आणि बैठक यांच्यातला फरक दिसतो.

आधी ग्रुपची बाजू. ती खरंच भक्कम आहे. कुणालाही ठरावीक वेळी हजर राहावं लागत नाही. आमच्यात पुणे, नाशिक, सांगलीची माणसं होती, एक न्यू जर्सीत, एक सिंगापूरमध्ये. कुणी लोकलमध्ये उभ्यानं वाचायचं, कुणी मुलं झोपल्यावर. चित्रं, नकाशे, वंशावळीचे फोटो एका जागी साठायचे. लाजाळू माणूस विचार करून चार ओळी लिहू शकायचा. आमच्या एका मित्रानं आइनुलिंडालेवर, म्हणजे संगीतातून जग घडतं त्या पहिल्या भागावर, इतकं सुंदर लिहिलं होतं की ते मी अजून जपून ठेवलंय. कॉलवर तो तेवढं कधीच बोलला नसता. ज्यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टांसकट पारायणं केली आहेत, ज्यांना फेआनोर आणि फिनरॉड ही पात्रं झोपेतही वेगळी कळतात, त्यांच्यासाठी मी ग्रुपच सुचवीन. त्यांना बोलायचं असतं ते अर्थाबद्दल, आणि त्यासाठी सवड हवी.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझं मन फिरलं ती सांगतो.

पाचव्या प्रकरणात नोल्डोर या एल्फ जमातीचा राजा फिन्वे, त्याच्या तीन मुलांची नावं येतात: फेआनोर, फिंगॉल्फिन, फिनार्फिन. लगेच त्यांची मुलं. फिंगॉल्फिनचा फिंगॉन, फिनार्फिनचा फिनरॉड. हे सगळं दोनेक पानांत. आमच्या ग्रुपवर जो तो ही नावं आपापल्या पद्धतीनं लिहायचा. कुणी रोमनमध्ये, कुणी देवनागरीत, कुणी नुसतं ‘फिन’. मागचे मेसेज शोधायला जावं तर एका नावाची पाच रूपं, त्यामुळे काही सापडायचं नाही. तरी ते चालून गेलं असतं. चाललं नाही ते माझ्या आतेबहिणीच्या बाबतीत. ती कामावरून उशिरा यायची, नेटानं वाचायची, ग्रुपवर फारसं बोलायची नाही. पाचव्या प्रकरणापासून फिंगॉल्फिन आणि फिनार्फिन हे तिच्या डोक्यात एकच झाले होते, आणि ते कुणालाच कळायला मार्ग नव्हता. नवव्या प्रकरणात नोल्डोर व्हालिनोर, म्हणजे देवांची भूमी, सोडून समुद्रापलीकडच्या मध्यभूमीकडे निघतात. मांडोस या देवाची शापवाणी ऐकल्यावर फिनार्फिन मागे फिरतो. फिंगॉल्फिन फिरत नाही, आणि पुढे हेल्काराक्सेचा बर्फ तुडवत मध्यभूमीत पोचतो. तिच्या दृष्टीनं एकच माणूस परत घरी गेला होता आणि तोच पुढच्या पानांवर बर्फातून चालत होता.

तिनं विचारलंही. गुरुवारी रात्री साडेअकराला मेसेज: ‘दादा, हा मागे फिरला की पुढे गेला?’ तेवढ्यात कुणीतरी हेल्काराक्सेचं एक देखणं चित्र टाकलं, त्यावर चाळीसेक मेसेज आले, आणि तिचा प्रश्न वर सरकून गेला. शनिवारी कुणीतरी एका ओळीत ‘ते दोघे वेगळे आहेत’ असं लिहिलं. तोवर तिनं पुस्तक मिटलं होतं. मला हे तीन महिन्यांनी, दिवाळीत भेटल्यावर कळलं. ‘मला वाटलं पुस्तकच चुकलंय,’ ती म्हणाली. चुकलं होतं ते आम्ही जमवलेलं वाचन, आणि ते जमवणारा मी होतो. ते मला फार लागलं.

त्यानंतर मी ग्रुपचे जुने मेसेज पुन्हा चाळले. असे प्रश्न आणखी सापडले. बुधवारी विचारलेले, शुक्रवारी उत्तर मिळालेले, काहींना उत्तरच नाही. अडखळलेल्या माणसाला उत्तर त्याच क्षणी हवं असतं, पुढच्या वाक्याआधी. दोन दिवसांनी मिळालेलं अचूक उत्तरही त्याच्या उपयोगाचं नसतं. सुरुवातीला ग्रुपमध्ये ११ जण होते. चौदाव्या प्रकरणापर्यंत बोलणारे चार उरले, आणि बाकीचे सात जण कुठे थांबले ते त्यांनीही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

बैठकीत हे घडत नाही, निदान आमच्या बैठकीत घडलं नाही. पद्धत साधी होती. आधी दोन मिनिटं मागच्या रविवारची उजळणी. मग सुमारे ४० मिनिटं वाचन, दर तीन-चार पानांनी वाचणारा बदलायचा. उरलेली २० मिनिटं बोलणं. स्क्रीनवर पुस्तकाच्या शेवटच्या वंशावळी कायम उघड्या. आणि एकच नियम: कुणीही, कधीही, वाक्याच्या मध्येसुद्धा ‘थांबा, हा कोण?’ म्हणू शकतो आणि वाचणाऱ्यानं थांबायचंच. पहिल्या दोन बैठकांत कुणी म्हणेना. तिसऱ्या वेळी आमच्या सांगलीच्या मामांनी विचारलं, आणि कळलं की तो माणूस कोण हे नऊपैकी सहा जणांना आठवत नव्हतं. त्या दिवसापासून सगळे मोकळे झाले.

दुसरं असं की हे पुस्तक कानाला फार गोड लागतं. डोळ्यांना कोरडी वाटणारी वाक्यं मोठ्यानं वाचली की त्यांची लय कळते. आमच्या घरी श्रावणात पोथी लागायची. आजी वाचायची, आम्ही ऐकायचो, शब्दन्‌शब्द कळायचा नाही, पण अध्याय कुठे वळला ते बरोबर कळायचं. तोच अनुभव मला इथे आला. स्वतः टोल्किन ऑक्सफर्डमध्ये गुरुवारी संध्याकाळी ‘नार्निया’वाले सी. एस. लुईस यांच्या खोलीत मित्र जमत, तिथे आपलं लेखन मोठ्यानं वाचून दाखवत. ऐकणाऱ्यांसमोर वाचायची सवय असलेल्या माणसाचं हे गद्य आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मराठी मंडळींत एक अडचण हमखास येते, ती म्हणजे इंग्रजी मोठ्यानं वाचायचा संकोच. ‘माझे उच्चार बरोबर नाहीत’ म्हणून दोघं सुरुवातीला नुसती ऐकत बसायची. त्यांना मी पुस्तकाच्या शेवटी दिलेलं उच्चारांचं टिपण दाखवलं. त्यात ‘सी’ या अक्षराचा उच्चार नेहमी ‘क’ करायला सांगितलाय, म्हणून केलेगॉर्म, सेलेगॉर्म नव्हे. स्वर आपल्यासारखे ठाशीव, शब्दाच्या शेवटचा ‘ए’ उच्चारायचा, म्हणून फिन्वे. ‘र’ तर कुठेही न गिळता आपल्यासारखा खणखणीत. ही नावं मराठी जिभेला चांगली वळतात. मी सगळ्या मुख्य नावांची देवनागरीत दोन पानी यादी केली आणि सगळ्यांना पाठवली. तुम्हीही पहिल्या बैठकीच्या आधी एवढं एक काम जरूर करा. चौथ्या रविवारी ती दोघंही वाचायला लागली.

बैठकीच्या उणिवा लपवत नाही. पहिली म्हणजे वेळ. भारतातले रात्रीचे आठ म्हणजे सिंगापूरचे साडेदहा आणि न्यू जर्सीतले सकाळचे साडेदहा, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं बदलली की साडेनऊ. सिंगापूरचा मित्र जांभया आवरत बसायचा. दुसरी म्हणजे चिकाटी. आम्ही आषाढात सुरू केलं ते पौषात संपलं, एकूण २४ रविवार. ज्यांना भराभर वाचायची सवय आहे त्यांचा जीव अशा गतीनं घुसमटतो. एकानं तिसऱ्या आठवड्यातच पुस्तक संपवलं आणि मग येणं सोडलं, त्याला मी दोष देणार नाही. एखादा रविवार चुकला तर मार्टिन शॉ यांच्या आवाजातलं पूर्ण ध्वनिपुस्तक आहे, तेवढं प्रकरण ऐकून माणूस पुन्हा पंगतीत येतो.

आणि चौदावं प्रकरण. बेलेरिआंड या मध्यभूमीतल्या प्रदेशातली राज्यं, नद्या, डोंगर, कोण कुठे राहतो, दुसरं काही नाही. ते मोठ्यानं वाचणं जड गेलं, नकाशावर बोट फिरवूनही. तेवढं घरी एकट्यानं, नकाशा शेजारी ठेवून वाचायला सांगा आणि त्यावरचं बोलणं मेसेजवर करा. तिथे ग्रुपच बरा.

प्रत्येक प्रकरणाला वेगळी खोली करता येईल अशी साधनं आहेत, उदाहरणार्थ डिस्कॉर्ड. मेसेजचा गुंता त्यानं नक्की कमी होत असेल. पण उशिरा मिळणारं उत्तर तिथेही उशिराच मिळणार, असा माझा अंदाज आहे, आणि मामांना नवं अ‍ॅप शिकवायची माझी तयारी नव्हती. मेसेजचा ग्रुप आम्ही दुसऱ्या फेरीतही ठेवला, पण फळ्यासारखा: पुढची बैठक कधी, कुठपर्यंत वाचणार, नावांची यादी.

आखणीबद्दल एवढंच की ‘आठवड्याला एक प्रकरण’ असं ठरवू नका. मुख्य भागाची २४ प्रकरणं आहेत आणि त्यांची लांबी अगदी विषम आहे. चौथं दोनेक पानांत संपतं. एकोणिसावं, बेरेन आणि लूथिएनचं, आणि एकविसावं, तूरिनचं, एका बैठकीत मावतच नाहीत. पानं मोजा. तेविसाव्याला कुणीतरी विचारेलच की इतका मोठा प्रसंग इतक्या घाईत का उरकलाय. गॉन्डोलिनची कथा टोल्किन यांनी सगळ्यात आधी लिहिली, पुढे ती विस्तारानं पुन्हा लिहायला घेतली आणि अर्धवट सोडली. हे सांगितल्यावर आमच्याकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

तर तुमच्या मंडळींत बहुतेकांनी पुस्तक आधी एकदा पार केलेलं असेल, किंवा माणसं तीन खंडांत विखुरलेली असतील, तर ग्रुप करा, चांगला चालेल. पण एकसुद्धा माणूस पहिल्यांदा वाचणारा असेल, तर मी बैठकीकडे झुकेन. मोफत कॉलला वेळेची मर्यादा असते, झूमवर ४० मिनिटं, गूगल मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली की ६०. आम्हाला ६० पुरली.

दुसऱ्या फेरीला आतेबहीण आधी नको म्हणत होती. ‘नुसतं ऐकायला ये’ म्हटल्यावर आली. नवव्या प्रकरणाच्या रविवारी वाचायची पाळी नेमकी तिची होती. मांडोसची वाणी संपली, फिनार्फिन मागे वळला, आणि ती आपणहून थांबली. कुणी काही विचारलं नव्हतं. ‘हा फिनार्फिन, धाकटा,’ ती म्हणाली. ‘फिंगॉल्फिन अजून चालतोय.’ मग पुढचं वाक्य वाचायला लागली.