डेनिस लॉ बघायचाय? ओल्ड ट्रॅफर्डची टूर आणि ॲबर्डीनची फुकट फेरी

आपल्याकडे ओल्ड ट्रॅफर्ड म्हटलं की १९९० आठवतं, सचिनचं पहिलं कसोटी शतक. गोची तिथेच होते. ट्रामच्या 'ओल्ड ट्रॅफर्ड' थांब्यावर उतरलात की शेजारी दिसतं ते क्रिकेटचं मैदान. मँचेस्टर युनायटेडचं स्टेडियम तिथून सरळ रस्त्याने दहा-बारा मिनिटं चालल्यावर येतं. टूरची वेळ ठरलेली असते, त्यामुळे हा हिशेब आधीच धरा. सामन्याच्या दिवशी टूर नसते. तिकीट काढण्याआधी सामन्यांचं वेळापत्रक बघून घ्या.

युनायटेडचा जुना स्कॉटिश फुटबॉलपटू डेनिस लॉ याच्यासाठीच जाणार असाल, तर सगळ्यात चांगली गोष्ट तिकिटाशिवाय मिळते. पूर्वेकडच्या स्टँडसमोर, सर मॅट बझबी वे या रस्त्याच्या पलीकडे, फिलिप जॅक्सनने घडवलेला तिघांचा ब्राँझ पुतळा आहे: डावीकडे जॉर्ज बेस्ट, उजवीकडे बॉबी चार्लटन हे त्याचे संघातले साथीदार आणि मधोमध हात उंचावलेला लॉ. गोल झाला की लॉ असाच हात वर करायचा आणि लांब बाहीची कड बोटांत धरून ठेवायचा. पुतळ्यांची तोंडं स्टेडियमकडे, म्हणजे पश्चिमेला आहेत. सकाळी ऊन मागून येतं आणि फोटोत तीन काळ्या आकृत्याच उरतात. दुपारनंतर जा.

या पुतळ्यात एक गंमत आहे. तो बसवला २९ मे २००८ रोजी, युनायटेडने युरोपियन कप जिंकला त्याला चाळीस वर्षं झाली म्हणून. आणि १९६८ च्या त्या अंतिम सामन्यात लॉ खेळलाच नव्हता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे तो मँचेस्टरमध्येच दवाखान्यात होता. तरी मधली जागा त्याचीच, आणि आकडे बघता ती योग्यही आहे. ४०४ सामन्यांत २३७ गोल, म्हणजे साधारण पावणेदोन सामन्यांमागे एक. चार्लटनचे गोल जास्त आहेत, २४९, पण त्यासाठी त्याला ७५८ सामने लागले. १९६३-६४ च्या एकाच हंगामात लॉने ४६ गोल केले आणि १९६४ चा बॅलन डी'ऑर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळवला. तो मिळवणारा आजवरचा एकमेव स्कॉटिश खेळाडू तोच.

आता टूर. ड्रेसिंग रूम, बोगदा, डगआउट आणि सोबत संग्रहालय. ठीक आहे, पण हे सगळं आजचं स्टेडियम आहे. लॉसाठी घसा कोरडा करणारी उभ्या प्रेक्षकांची स्ट्रेटफर्ड एंड १९९२ मध्ये पाडली गेली. त्या जागच्या स्टँडमध्ये २००२ पासून त्याचा एकट्याचा पुतळा आहे, पण आतल्या मजल्यावर. बाहेरून दिसत नाही. टूर तिकडून जाणार का, हे गाइडला सुरुवातीलाच विचारा, शेवटी विचारून उपयोग नाही. दुसरी विचारायची गोष्ट म्हणजे दक्षिण स्टँडच्या मध्यावरचा जुना बोगदा. १९१० च्या मूळ बांधकामातलं तेवढंच उरलंय आणि १९९३ पर्यंत खेळाडू तिथूनच मैदानात यायचे. लॉच्या पायाखालची जागा हवी असेल तर ती ही. नवा बोगदा कोपऱ्यात आहे, दोघांत गल्लत करू नका.

एक किस्सा कानावर पडेलच: २७ एप्रिल १९७४ ला मँचेस्टर सिटीकडून युनायटेडविरुद्ध खेळताना लॉने टाचेने गोल मारला आणि आपल्याच जुन्या क्लबला खालच्या विभागात ढकललं. अर्धंच खरं. गोल झाला, प्रेक्षक मैदानात घुसले, सामना अर्धवट थांबला आणि ०-१ असा निकाल कायम राहिला. पण त्याच वेळी, तळातून वाचण्यासाठी झगडणाऱ्या बर्मिंगहॅमने नॉरिचला हरवलं होतं. युनायटेड जिंकला असता तरी खाली गेलाच असता.

या टूरची खरी उणीव म्हणजे गोष्ट मधूनच सुरू होते. कोळ्याचं घर, सात भावंडांत धाकटा, तिरळा डोळा, रग्बी खेळावं लागेल म्हणून नाकारलेली नावाजलेली शाळा: हा लॉ स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा. मँचेस्टरहून आगगाडीने जाण्यातच बराचसा दिवस मोडतो, म्हणून मुक्काम धरूनच जा. स्टेशनपासून पायी दहा-बारा मिनिटांवर मारिशल स्क्वेअर. तिथे ॲलन हेरियटने केलेला, २०२१ मध्ये बसवलेला पुतळा आहे. लगतचं प्रोव्होस्ट स्कीन्स हाउस १५४५ चं, प्रवेश फुकट. आत शहराच्या नामवंतांचं दालन आहे. त्यात लॉ अनेकांपैकी एक, त्यामुळे फक्त त्याच्यासाठी वेळ काढलात तर अर्ध्या तासात आटपतं. वरच्या मजल्यावरचं सतराव्या शतकातलं रंगवलेलं छत चुकवू नका, फुटबॉलशी संबंध नसला तरी.

मग कॅथरीन स्ट्रीटवरच्या क्रायफ कोर्टकडे चाला. २०१७ पासून लॉच्या नावाने चालणारं छोटं कृत्रिम गवताचं मैदान, वस्तीतल्या पोरांसाठी. लॉचं १७ जानेवारी २०२५ ला निधन झालं. इथे शाळा सुटल्यावर पोहोचलात तर चेंडू चालू असण्याची शक्यता जास्त. प्रिंटफिल्ड टेरेस, जिथे तो वाढला, तिथे मात्र लोकांची राहती घरं आहेत. रस्त्यावरूनच बघा, कॅमेरा खिशात ठेवून.