साडेतीनशे रुपयांचा थेंब

भोसरीत माझी फॅब्रिकेशनची छोटी शेड आहे. मागच्या उन्हाळ्यात एका गेटला वेल्डिंगचे टॅक मारताना डोळ्यांपुढे धरायची काळी काच हातात घेतली नाही. चारच तर टाके! रात्री दोनला डोळ्यांत मूठभर वाळू ओतल्यासारखं झालं. बायकोने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, काही फरक नाही.

सकाळी शेडवर हातमोजे, गॉगल विकणारा नेहमीचा माणूस आला. त्याने पिशवीतून बाटली काढली. "हर्बल आहे, सगळे वेल्डर हीच नेतात." साडेतीनशे रुपये. थेंब पडला आणि अर्ध्या मिनिटात दुखणं गायब! मला तर देवच भेटला. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ठणका, पुन्हा थेंब. नऊ दिवसांत तीन बाटल्या झाल्या. डोळे लालभडक, बल्ब धुक्यातून दिसायला लागला. त्याला फोन केला तर म्हणे, "घाण बाहेर पडतीये, चालू ठेव."

शेवटी डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो, तेही पायरीवर थेंब टाकूनच. मॅडमनी कापसाची वात बारीक करून उजव्या बुबुळाला टेकवली. "कळतंय?"

म्हटलं, "लावा ना."

"लावली की."

मग त्यांनी बाटली मागितली. हिरवा स्टिकर नखाने सोलला, तर खाली छापलेलं प्रोपॅराकेन. डोळा तपासण्याआधी बधिर करायचं औषध, घरी द्यायचं नाहीच.

त्यांनी समजावलं ते असं: बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, कातडीच्या कितीतरी पट दाट नसा असतात. म्हणून तर कणभर कचरा गेला तरी जीव जातो. पण त्या नुसत्या दुखत नाहीत. पापणी मिटायला लावतात, पाणी आणतात, वरचा थर धरून ठेवणारं खतपाणीही त्यांच्याकडूनच येतं. मी त्यांनाच गप्प केलं होतं, आणि वर ते औषध जखम भरूही देत नाही. वेल्डिंगचा उजेड लागलेला डोळा बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आपोआप बरा होतो. माझ्या डोळ्यात नवव्या दिवशी चट्टा होता. पिवळा रंग घालून निळ्या उजेडात फोटो काढला, त्यात तो हिरवागार चमकत होता.

थेंब बंद केल्यावरच्या पहिल्या दोन रात्री सांगत नाही. अँटिबायोटिक, कृत्रिम अश्रू, वर पट्टीसारखी लेन्स, दीड महिना काम बंद. उजव्या डोळ्यात पुसट डाग राहिलाय. रात्री समोरच्या गाडीचा लाइट फाटून दिसतो.

कुणी नुसता स्टिकर चिकटवलेली बाटली दिली आणि दुखणं चुटकीसरशी गेलं, तर तिथेच थांबा, स्टिकर सोलून बघा.

त्या माणसाला पैसे परत मागितले. म्हणाला, "दुखायचं थांबलं होतं की नाही?"