रंगवायला दिली शिंद्यांची पलटण, परत आलं शिसं

ऐतिहासिक वॉरगेमिंगसाठी, म्हणजे जुन्या लढाया टेबलावर खेळण्यासाठी, जे आपल्या फिगर (धातूचे छोटे शिपाई) दुसऱ्याकडून रंगवून घेतात, किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ॲडव्हान्स घेऊन गायब होणारे लोक आपल्याला माहीत आहेत. माझ्याबाबतीत माणूस गायब झाला नाही. त्याने काम पूर्ण करून खोका वेळेवर पाठवला. फक्त त्या खोक्यात माझ्या फिगर नव्हत्या.

फौज होती असईची. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात झालेली लढाई. एका बाजूला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली, दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले. मला शिंद्यांचं कवायती पायदळ उभं करायचं होतं. डी बॉइन या युरोपीय सेनानीने शिंद्यांसाठी घडवलेल्या कंपूंचा, म्हणजे कवायती तुकड्यांचा, हा वारसा. असईला ते पायदळ पोलमन या हनोवरच्या माणसाच्या हाताखाली होतं. सुमारे १०,८०० शिपाई, तीन ब्रिगेड, त्यातली एक सरधन्याची जहागीरदार बेगम समरू हिची. एक फिगर म्हणजे तीस माणसं असा हिशेब धरला तरी ३६० फिगर लागतात. २८ मिलिमीटर उंचीच्या मापात हे सगळं तयार मिळत नाही. कंपनी सरकारच्या शिपायांची धडं घ्यायची, डोकी कापून पगडीवाली डोकी बसवायची, हात बदलायचे. फिगर इंग्लंडहून मागवल्या, कस्टम भरलं, कानशीने एकेकीची साच्याची रेघ काढली.

माझा जीव मात्र गोलंदाजांमध्ये होता. इंग्रजांचं पायदळ तोफा ओलांडून पुढे गेल्यावर तोफांपाशी मेल्यासारखे पडलेले शिंद्यांचे काही गोलंदाज उठले, तोफा फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीवर मारा सुरू केला. त्या तोफा परत घ्यायला वेलस्लीला ७८ वी हायलँडर पलटण आणि देशी घोडदळ घेऊन स्वतः मागे यावं लागलं. त्या दिवशी इंग्रजांकडचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. अशा पडलेल्या, उठू पाहणाऱ्या गोलंदाजांच्या फिगर मला कुठेच मिळाल्या नाहीत. म्हणून त्या मी स्वतः केल्या. तारेचा सांगाडा, धातूचे हात-पाय आणि वर ग्रीन स्टफ या मळून घट्ट होणाऱ्या हिरव्या पुटीचा थर. प्रत्येकाची ठेवण वेगळी.

एवढी फौज एकट्याने रंगवणं शक्य नव्हतं. परराज्यातला एक कमिशन पेंटर, म्हणजे मजुरी घेऊन दुसऱ्यांच्या फिगर रंगवणारा, ओळखीतून कळला. त्याच्या कामाचे फोटो चांगले होते. नमुन्यादाखल दिलेल्या फिगर सुरेख रंगवून परत आल्या. अर्धे पैसे यूपीआयने आगाऊ, अर्धे काम झाल्यावर, असं ठरलं आणि सगळा खोका कुरियरने गेला.

आता मागे वळून पाहताना जी गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते ती ही, की या माणसाने मला एकही प्रश्न विचारला नाही. डगल्याचा लाल कुठला, पगडीचा रंग काय, पट्टे काळे की पांढरे, निशाण कसं, तोफगाड्याचं लाकूड नुसतं तेल पाजलेलं की रंगवलेलं, काही नाही. सगळ्याला उत्तर एकच, “होऊन जाईल सर.” नंतर ज्या दुसऱ्या पेंटरशी बोललो, त्याने दर सांगायच्या आधी या सगळ्याची चौकशी केली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली भारतीय फौज खरोखर रंगवणाऱ्याला हे विचारल्याशिवाय पहिला ब्रश लावता येत नाही.

पहिली शंका फोटोंवरून आली. धातूच्या बारीक संगिनी वाकतात, तुटतात, म्हणून मी त्या कापून बंदुकीच्या टोकाला हातड्रिलने भोक पाडतो आणि स्टीलची टाचणी बसवतो. काम चालू असतानाच्या फोटोंत संगिनी जाड आणि बोथट दिसत होत्या. विचारलं तर म्हणे प्रायमर जरा दाट बसलाय. उरलेले पैसे आल्याशिवाय खोका निघणार नाही, असंही सांगितलं. फिगर त्याच्या ताब्यात होत्या, त्यामुळे पैसे दिले.

खोका उघडल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते वाढलेलं वजन. मग रंगाचे थर. बटणं, पट्ट्यांच्या कडा, बोटं सगळं रंगाखाली बुजलेलं. टाचण्या कुठेच नव्हत्या, संगीन बंदुकीसकट एकसंध ओतलेली. बेसखालचा (पायाखालच्या तबकडीचा) रंग खरवडला आणि आतला धातू कागदावर घासला तर पेन्सिलसारखी करडी रेघ उठली. माझ्या फिगर कथिलाच्या, शिसेविरहित मिश्रधातूच्या होत्या, पाकिटावर तसं छापलेलं आहे. कथिल वाकवलं की बारीक करकर ऐकू येते. हे मुकाट्याने वाकलं. (जुन्या अस्सल फिगरमध्येही शिसं असतं, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लावू नका. मूळ फिगर शेजारी ठेवून मोजा. नकलेचा साचा मूळ फिगरवरून काढलेला असतो, म्हणून नक्कल किंचित आखूड भरते.)

सगळ्यात पक्का पुरावा गोलंदाजांनी दिला. एका गोलंदाजाच्या पाठीवर पुटी ओली असताना माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता आणि मी तो तसाच ठेवला होता. परत आलेल्या खोक्यात तोच ठसा तीन गोलंदाजांच्या पाठीवर होता. तिघेही एकाच ठेवणीचे, आतून बाहेरून शिशाचे. म्हणजे माझ्या फिगरवरून रबराचे साचे काढले, रीकास्ट (नकली प्रती) ओतले, ते जाड रंगात बुडवून मला पाठवले, आणि वर रंगवण्याची मजुरीही माझ्याकडूनच घेतली. मूळ फिगर त्याने विकल्या. काही दिवसांनी एका खेळाडूने विकत घेतलेल्या पलटणीचा फोटो दाखवला, तर प्रत्येक बंदुकीच्या टोकाला माझी टाचणी. त्या बिचाऱ्यानेही पूर्ण किंमत मोजली होती. त्याने व्यवहाराच्या पावत्या माझ्या तक्रारीसाठी दिल्या, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

१९३० या हेल्पलाइनवर आणि सरकारी सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार केली. पैसे पाठवल्यावर लगेच कळवलं तर समोरचं खातं गोठवता येण्याची शक्यता असते. माझ्या प्रकरणात फसवणूक उघड होईपर्यंत रक्कम पुढे गेली होती. पोलीस ठाण्यात सुरुवातीला “खेळण्यांची तक्रार” असा सूर होता. परदेशी बिलं, कस्टमच्या पावत्या आणि पाठवण्याआधी काढलेले फोटो टेबलावर ठेवल्यावर तो बदलला. तुमच्याकडची बिलं जपून ठेवा, धातूच्या शिपायांची किंमत दुसऱ्या कशाने सिद्ध होत नाही.

फौज बाहेर पाठवायची असेल तर एका वेळी एकच पलटण पाठवा, आणि ती हातात आल्यावरच पुढची. नमुन्याच्या फिगर निवडून देऊ नका, पेंटरकडे गेलेल्या खोक्यातली अमुक फिगर आत्ता व्हिडिओ कॉलवर दाखव म्हणा. प्रायमर मारण्याआधी प्रत्येक बेसखाली बारीक खूण कोरा आणि तिचे फोटो ठेवा. स्वतः पुटीने घडवलेली एकमेव फिगर कुणाकडेही पाठवू नका, ती घरीच रंगवा.

असे रीकास्ट तुमच्याकडे आले तर कानस किंवा सॅंडपेपर लावू नका. शिशाची धूळ पोटात आणि फुफ्फुसात जाते, आणि लहान मुलांना तर ती फारच घातक. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. माझे मी पिशवीत सीलबंद करून पुरावा म्हणून ठेवले आहेत. तक्रार अजून चालू आहे. तुमच्या ओळखीत कुणी टाचणीच्या संगिनी असलेली कवायती पलटण किंवा पाठीवर अंगठ्याचा ठसा असलेला पडलेला गोलंदाज विकत घेतला असेल, तर त्याला विक्रेत्याशी झालेलं बोलणं आणि पैशाची पावती पुसू नको म्हणून सांगा.