मोजका डेटा आणि मोठे गेम: स्टीम, एपिक की जीओजी?

संगणकावर खेळणाऱ्याला आज गेमबरोबर त्याच्या लाँचरचाही, म्हणजे गेम उतरवून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचाही, विचार करावा लागतो. ज्याची भिस्त मोबाइलच्या हॉटस्पॉटवरील रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर आहे, किंवा ज्याच्या गावात डाउनलोड अर्ध्यावर असताना वीज जाते, त्याला तर हा विचार टाळताच येत नाही. अशा खेळाडूने माझ्या मते पहिला प्रश्न हाच विचारावा, की अपडेट कधी उतरवायचे हे कोण ठरवते.

स्टीम, एपिक आणि जीओजी या गेम विकणाऱ्या तीन ऑनलाइन दुकानांत व्हॉल्व्ह कंपनीने २००३ साली आणलेले स्टीम सर्वांत जुने आणि सोयींच्या बाबतीत सर्वांत पुढे आहे. त्यात अपडेटसाठी रात्रीची वेळ नेमून देता येते, वेगावर मर्यादा घालता येते आणि २०२३ पासून डेस्कटॉपवरील गेम घरातल्या नेटवर्कवरूनच लॅपटॉपवर घेता येतो. तरीही एक गोष्ट खटकते: अपडेट लांबणीवर टाकता येते, पण नाकारता येत नाही, ते उतरेपर्यंत स्टीममधून गेम सुरूच होत नाही. शिवाय गेमचा मजकूर काही मोठ्या फायलींमध्ये बांधलेला असेल, तर थोड्याशा बदलासाठीही त्या फायली डिस्कवर पुन्हा रचाव्या लागतात. म्हणून डाउनलोड छोटे असूनही जुनी हार्ड डिस्क बराच वेळ राबत राहते आणि मोकळी जागाही बरीच लागते. हा दोष निम्मा गेम बनवणाऱ्यांचा आहे. स्टीम निदान नेटवर्क आणि डिस्क यांचे आलेख दाखवून खोळंबा कुठे आहे ते सांगते.

एपिकचे स्टोअर डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाले आणि त्यात खरेदीची साधी कार्ट यायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. गेम दुसऱ्या ड्राइव्हवर हलवायचा, तर फोल्डरची प्रत काढा, गेम काढून टाका, नव्या जागी डाउनलोड सुरू करून मध्येच थांबवा आणि मग ती प्रत तिथे ठेवा, असा द्राविडी प्राणायाम कंपनीच्याच मदतपानावर सांगितलेला होता. मोफत मिळणाऱ्या गेमसाठी एपिक जरूर ठेवावे. पैसे देऊन मोठा गेम तिथे घेण्याचा सल्ला मी देणार नाही.

जीओजीची रीतच वेगळी आहे. तिथे लाँचर ऐच्छिक असून गेमचा पूर्ण इन्स्टॉलर उतरवून जपून ठेवता येतो. मोठा इन्स्टॉलर अनेक भागांत येत असल्यामुळे तो मित्राच्या फायबर जोडणीवर उतरवून बाह्य डिस्कवर घरी आणता येतो आणि पुढे इंटरनेटशिवाय बसवता येतो. गॅलेक्सी हा त्यांचा लाँचर वापरला, तरी आपोआप होणारे अपडेट बंद ठेवता येते आणि नवी आवृत्ती बिघडलेली निघाली तर जुनीकडे परतताही येते. एकट्याने खेळायचा गेम जीओजीवर मिळत असेल, तर तो तिथूनच घ्यावा. मात्र अनेक नवे गेम तिथे नसतात, आणि इतरांबरोबर ऑनलाइन खेळायचे असेल तर सर्वांची आवृत्ती एकच असावी लागते. अशा गेमसाठी स्टीम घ्यावे आणि बसवल्या दिवशीच अपडेटची वेळ ठरवून टाकावी.