'स्कॅम १९९२' आधी की 'रॉकेट बॉईज'?

सोनी लिव्हची वर्गणी नवी घेतलेली असो किंवा फोनच्या रिचार्जबरोबर आयती पदरात पडलेली असो, पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न पडतोच. 'स्कॅम १९९२' ही शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्याची वेब मालिका, 'रॉकेट बॉईज' ही होमी भाभा आणि विक्रम साराभाई या शास्त्रज्ञांची. दोन्ही नावं कानावर आलेली असतात, दोन्ही चांगल्या म्हणतात, आणि सुट्टी असते दोन दिवसांची. 'दोन्ही बघा' हे उत्तर खरं असलं तरी कुचकामी आहे. मी दोन्ही बघितल्या आहेत, पुन्हाही बघितल्या आहेत, त्यामुळे माझं मत काय ते सांगतो. आवडीनिवडीचा प्रश्न आहे, तेव्हा ते वेदवाक्य समजू नका.

कोण कुठली भूमिका करतं, कुणाला किती पुरस्कार मिळाले, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार. दोन्हींमध्ये एक गंमतशीर साम्य मात्र आहे: संगीत एकाच माणसाचं, अचिंत ठक्करचं. 'स्कॅम'ची ती शीर्षकधून लोकांनी मोबाइलची रिंगटोन करून टाकली. 'रॉकेट बॉईज'चं संगीत इतकं चटकन ओठांवर बसत नाही, पण माझ्या मते ते जास्त मुरलेलं आहे. शीर्षकं पुढे ढकलायचं बटण मी दोन्हीकडे फारसं वापरलं नाही.

'रॉकेट बॉईज'पासून सुरुवात करतो, कारण दिसायला तीच देखणी आहे. जिम सर्भचे होमी भाभा पडद्यावर आले की बाकीचे सगळे थोडे फिके वाटतात. माणूस चित्रं काढतो, पियानोपाशी बसतो, पंतप्रधानांना 'भाई' म्हणतो, आणि त्यातच अणुभट्टीचं बोलतो. इश्वाक सिंगचे विक्रम साराभाई शांत आहेत. त्यांची जादू हळूहळू चढते. रेजिना कॅसँड्राची मृणालिनी, म्हणजे साराभाईंची पत्नी, तर मला दोघांपेक्षाही जास्त लक्षात राहिली. नवरा सतत कुठल्यातरी मोठ्या कामात गुंतलेला, आणि स्वतः पहिल्या प्रतीची नर्तकी असलेल्या बाईनं वाट बघायची, हा भाग लेखकांनी टाळला नाही. पहिलं पर्व १९६३ साली केरळमधल्या थुंब्याहून झालेल्या रॉकेटच्या उड्डाणापर्यंत येतं. चर्चच्या इमारतीत थाटलेली कचेरी, सायकलवरून नेलेले रॉकेटचे सुटे भाग, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकलेलं असतं, तरी तिथे पोचेपर्यंत छाती भरून येते. मुंबईकरांना आणखी एक आनंद: आपल्या गावात, पेडर रोडपासून तुर्भ्यापर्यंत, हे सगळं कसं उभं राहिलं याचा अंदाज येतो.

एवढं सगळं असूनही ही मालिका मला सलग बघता आली नाही. कारण अगदी साधं आहे. माझा हात सारखा फोनकडे जात होता.

मालिकेत मेहदी रझा नावाचे शास्त्रज्ञ आहेत. कलकत्त्याचे, भाभांचे प्रतिस्पर्धी, राजकारणात शिरलेले. दिव्येंदू भट्टाचार्यने ते उत्तम केले आहेत. पण असा माणूस इतिहासात नाही. नेहरू खरे, रामन खरे, साराभाई खरे, तरुण कलाम खरे, आणि या सगळ्यांच्या समोर उभा राहून भांडणारा एकटा माणूस कल्पित. ज्याला त्या काळाची थोडीफार माहिती आहे, त्याला रझा बघताना मेघनाद साहा आठवल्याशिवाय राहत नाहीत. साहाही कलकत्त्यात होते, त्यांनीही तिथे सायक्लोट्रॉनसाठी, म्हणजे अणूतले कण वेगानं फिरवणाऱ्या यंत्रासाठी, धडपड केली, १९५२ साली काँग्रेसबाहेरून लोकसभेत निवडून गेले आणि अणुधोरणावर सरकारला धारेवर धरलं. फरक असा, की साहा ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. तथाकथित खालच्या जातीत जन्मलेले, वसतिगृहातला जातिभेद सोसून शिकलेले. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचं तापमान समजून घ्यायला त्यांचं समीकरण जगभर वापरतात. हे खरं आयुष्य कुठल्याही पटकथेला पुरून उरलं असतं. ते बाजूला ठेवून त्या जागी एक वेगळा माणूस घडवला, आणि कथेच्या सोयीसाठी त्याच्याभोवती संशयाचं जाळंही विणलं. का, ते माझ्या अजून लक्षात आलेलं नाही. खऱ्या माणसाचं नाव वापरून वाद नको असेल कदाचित.

एकदा रझा कल्पित आहेत हे कळलं, की मग काही सोडत नाही. भाभांची ती मैत्रीण खरी का? हा अधिकारी खरा का? या दोघांचं हे भांडण खरोखर झालं होतं, की मध्यंतराला काहीतरी हवं म्हणून घातलं? प्रत्येक चांगल्या प्रसंगानंतर पॉज, मग शोध, मग 'अच्छा, हे असं नव्हतंच' असं म्हणत पुन्हा प्ले. दुसऱ्या पर्वात हे जास्तच होतं. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर एअर इंडियाचं विमान कोसळलं आणि त्यात भाभा गेले. तपासाचा निष्कर्ष होता की डोंगराच्या संदर्भात विमान नेमकं कुठे आहे, याबद्दल नियंत्रक आणि वैमानिक यांच्यात गैरसमज झाला. मालिकेला मात्र सीआयएचा धागा फार आवडतो. रहस्यकथा म्हणून तो धागा चांगला चालतो, नाही असं नाही. पण १९७४ च्या पोखरणच्या अणुचाचणीपर्यंतची खरी गोष्ट हातात असताना हेरांची गरज का भासावी?

हा माझा स्वभावदोष असू शकतो. माझ्या बहिणीनं ही मालिका एका रविवारी आडवी पडून संपवली आणि तिला यातलं काहीही खुपलं नाही. 'डॉक्युमेंटरी थोडीच आहे?' असं तिनं मला ऐकवलंही. बरोबरच आहे तिचं.

आता 'स्कॅम १९९२'. इथेही मी पुष्कळदा पॉज दाबला, पण कारण वेगळं होतं. बाबा शेजारी बसले होते.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले. मालिकेत पहिल्यांदा 'रेडी फॉरवर्ड' हा शब्द आला आणि त्यांनी रिमोट मागून घेतला. मग समजावलं: एका बँकेनं दुसरीला सरकारी रोखे विकायचे, आणि काही दिवसांनी ठरल्या भावानं परत घ्यायचे. म्हणायला विक्री, प्रत्यक्षात थोड्या दिवसांचं कर्ज. रोखे प्रत्यक्ष हलवायचे नाहीत, त्याऐवजी एक पावती द्यायची, ती बँक रिसीट, म्हणजे बीआर. मध्ये दलाल. पैसा एका बँकेतून निघून दुसरीत पोचेपर्यंत दलालाच्या खात्यात विसावला, तर त्या अवधीत त्यानं काय करायचं? शेअर घ्यायचे. एसीसीसारखा शेअर काही हजारांत नेऊन ठेवायचा. आणि बीआरच्या मागे रोखेच नसले तर? इथे बाबांनी आपणहून बँक ऑफ कराडचं नाव काढलं. घोटाळ्यात ज्या छोट्या बँकांच्या पोकळ पावत्या निघाल्या, त्यांतली ही आपल्या साताऱ्याकडची बँक. बुडाली आणि पुढे बँक ऑफ इंडियात विलीन झाली. 'आमच्याकडे तेव्हा आठवडाभर दुसरा विषय नव्हता,' म्हणाले. हे मला त्यांनी याआधी कधीच सांगितलं नव्हतं.

माझ्या लेखी निकाल इथेच लागला. एका मालिकेत पॉज दाबला की मी एकटा फोनमध्ये शिरायचो. दुसरीत पॉज दाबला की घरात गप्पा सुरू व्हायच्या. आणि गप्पा संपल्या की लगेच पुढचा भाग लावायचा असायचा.

'स्कॅम'मध्ये कल्पित काही नाही असं मुळीच नाही. सतीश कौशिकांनी केलेला बडा दलाल मनू मुंद्रा हे बदललेलं नाव आहे. दलाल स्ट्रीटवर तो 'ब्लॅक कोब्रा' कोण, हे जुन्या लोकांना माहीत असतं. इतरही काही नावं बदलली आहेत. पण कणा खरा आहे. पत्रकार सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांचं पुस्तक पायाशी आहे, घोटाळा फोडणारी सुचेताची २३ एप्रिल १९९२ ची ती बातमी खरी आहे, स्टेट बँकेतलं पाचशे कोटींचं भगदाड खरं आहे. बनावट माणसं कडेला आहेत, मध्यावर नाहीत. त्यामुळे शंका आली तरी ती गोष्ट थांबवत नाही.

शिवाय रिंग, म्हणजे ओरडून सौदे करायची बाजारातली जागा. १९९५ मध्ये संगणक आल्यावर मुंबई शेअर बाजारातला तो आरडाओरडा बंद झाला, त्यामुळे माझ्या वयाच्या लोकांनी तो पाहिलेलाच नाही. हातवारे, कागदाचे कपटे, रिंगमध्ये सौदे करणारे घामेजलेले जॉबर, त्यांच्यात नवखा हर्षद. पहिले दोन भाग केवळ या वातावरणासाठी बघावेत. हर्षद झालेला प्रतीक गांधी तिथून जो सुटतो तो शेवटपर्यंत थांबत नाही. श्रेया धन्वंतरीची सुचेता काही जणांना एकसुरी वाटते. मला ती वार्ताहर म्हणून पटली. हेमंत खेरचा अश्विन, म्हणजे हर्षदचा भाऊ, याचं कौतुक कमी झालं असं मला वाटतं. भावाच्या सावलीत उभं राहून सगळं दिसत असूनही गप्प बसणं, हे त्यानं फार नेमकं केलं आहे.

दोष सांगायचे तर तेही आहेत. एक म्हणजे शिव्या. घरात लहान मुलं असतील तर हॉलमधला टीव्ही विसरा. बाबांना शिव्यांचं काही वाटलं नाही, आईनं मात्र तिसऱ्या भागात स्वयंपाकघर गाठलं. दुसरं, घोटाळा फुटल्यानंतर वेग जरा उतरतो. तिसरा दोष गंभीर आहे: मालिका हर्षदच्या जरा जास्तच प्रेमात आहे. बघून उठल्यावर माझ्या ओळखीतल्या एक-दोघांनी डिमॅट खातं उघडलं, आणि त्यांना गोष्टीतला शेवट आठवत नव्हता, फक्त मधला भाग आठवत होता. २००१ च्या वर्षअखेरीला ठाण्यात कैदेत असताना हा माणूस गेला, हे मालिका सांगते. पण मनात राहते ती त्याची लेक्सस.

वेळेचा हिशेब साधा आहे. 'स्कॅम' दहा भागांत संपते, म्हणजे शुक्रवारी रात्री दोन भाग उरकले तर रविवारी दुपारच्या जेवणाआधी मोकळे. 'रॉकेट बॉईज'ची दोन पर्वं, प्रत्येकी आठ भाग. पहिल्यावर थांबता येतं, आणि खरं सांगायचं तर थांबलात तरी चालेल. भाषेचंही एक आहे: 'रॉकेट बॉईज'मध्ये इंग्रजी संवाद पुष्कळ आहेत. काळ आणि माणसं बघता ते योग्यच, पण सोबत बसणाऱ्यांना सबटायटल वाचायचा कंटाळा असेल तर अडचण होते. 'स्कॅम'ची गुजरातीमिश्रित हिंदी आपल्या कानांना परकी नाही.

मग 'रॉकेट बॉईज' आधी कुणी घ्यावी? ज्याच्या घरात दहावी-बारावीतलं विज्ञानाकडे वळलेलं पोर आहे त्यानं. ज्याला माझ्यासारखी खोड नाही त्यानं. आणि ज्याला शेअर बाजार म्हटलं की जांभई येते त्यानंही.

आईसाठी 'गुल्लक' निघाली, ती याच ॲपवर. तिच्याबद्दल इथे फार लिहीत नाही, कारण तिची या दोघींशी तुलनाच होत नाही. उत्तरेतल्या छोट्या गावातलं मिश्रा कुटुंब, वडील वीज खात्यात, दोन मुलं, आणि गोष्ट सांगणारा मातीचा गल्ला. गीतांजली कुलकर्णीची शांती मिश्रा बघताना ती आपली मराठी अभिनेत्री आहे हे पाच मिनिटांत विसरायला होतं. २०१९ ते २०२४ मधल्या चार पर्वांत दर पर्वाला पाचच भाग, तेही छोटे. ती सलग संपवू नका, संपल्यावर वाईट वाटतं. 'स्कॅम'च्या दोन भागांच्या मध्ये जेवताना एखादा भाग लावा.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. 'स्कॅम १९९२' संपली की लगोलग 'स्कॅम २००३', म्हणजे बनावट मुद्रांकांच्या घोटाळ्यातल्या तेलगीची गोष्ट लावायचा मोह होईल. नाशिकचा छापखाना, भरत जाधव, शशांक केतकर, म्हणजे आपल्यासाठी आमिषं बरीच आहेत. तेलगी झालेल्या गगन देव रियारनं कामही छान केलंय. पण ती आधी निम्मी आणि दोन महिन्यांनी निम्मी अशी आली होती, आणि बघताना तो सांधा जाणवतो. शिवाय हर्षदनंतर लगेच तेलगी जरा उतरता वाटतो. मध्ये 'रॉकेट बॉईज'चं पहिलं पर्व घाला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि तेलगीला पुढच्या सुट्टीवर टाका.