एम४०एक्स हेडफोन, टाइप-सी डोंगल आणि बॅटरीवाला ॲम्प: खान्देशच्या उन्हाळ्यासकट वापरानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. बजेट आठ-दहा हजारांचं असेल आणि तुम्ही आमच्यासारखे भुसावळ, जळगाव, धुळ्याकडचे असाल, तर जवळपास सगळे पैसे हेडफोनात घाला. उरलेल्या हजारभरात टाइप-सीचा बरा डोंगल, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या तोंडात घालून हेडफोन जोडायचा छोटा तुकडा, घ्या. पोर्टेबल ॲम्प, म्हणजे हेडफोनला जादा ताकद देणारी सोबत नेता येणारी डबी, घ्यायचा की नाही हे कागदावर गणित मांडून ठरवा, कुणाच्या व्हिडिओवरून नको. आणि हेडफोन निवडताना पहिला प्रश्न ‘आवाज कसा आहे’ हा नसून ‘एप्रिल-मे कसा काढणार’ हा आहे.

माझ्याकडे आहेत ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम४०एक्स. दिवाळीच्या आधी घेतले, आठ हजारांच्या घरात पडले. सोबत एक साधा डोंगल. धुळ्याच्या मावसभावाला गाणं-बजावणं आणि सोल्डरिंग दोन्हीचा नाद आहे. त्याचा बॅटरीवर चालणारा ॲम्प आणि त्याचेच बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, २५० ओहमवाले (ओहमचं पुढे सांगतो), बरेच दिवस माझ्याकडे पडून होते. त्यामुळे शेजारी-शेजारी ठेवून ऐकता आलं. वापर तीन ठिकाणी: भुसावळ-जळगाव अपडाऊन, रात्री शास्त्रीय संगीत, आणि लॅपटॉपवर कानबाईच्या (श्रावणात बसणाऱ्या आमच्याकडच्या देवीच्या) गाण्यांची रेकॉर्डिंग साफ करणं.

आता उन्हाळ्याचं. हेडफोनवर जे काही लिहिलेलं-बोललेलं सापडतं ते सगळं एसीच्या खोलीत बसून केलेलं असावं असं वाटतं. आमच्याकडे मार्च सरता सरता कूलर सुरू होतो तो पाऊस पडेपर्यंत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तर कुणाला नवल वाटत नाही. ओपन-बॅक हेडफोन, म्हणजे ज्यांची पाठ जाळीची असते ते, ऐकायला मोकळे आणि कानाला हवेशीर, हे खरंच आहे. पण कूलर चालू असलेल्या खोलीत ते घालणं आणि न घालणं सारखंच. पंख्याची घरघर, गवतावरून गळणारं पाणी, सगळं थेट आत. तानपुऱ्याचा खर्ज कुठे संपतो आणि कूलर कुठे सुरू होतो तेच कळत नाही.

क्लोज्ड-बॅकने, म्हणजे पाठ बंद असलेल्या हेडफोनने, हा प्रश्न अर्धाच सुटतो. कानावर घट्ट बसणारी गादी वरच्या पट्टीतला आवाज चांगला अडवते: पाण्याची टपटप, हवेची सूं, बाहेरची बोलणी. खालच्या पट्टीतली घुमघुम मात्र गादीतून बऱ्यापैकी आत येते. ती मारायची तर नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे उलटा आवाज सोडून बाहेरचा आवाज मारणारी सोय, लागतं, कारण ते नेमकं खालच्या पट्टीतच जोरात चालतं. या बजेटात नॉइज कॅन्सलेशन हवं तर आवाजाच्या दर्जात तडजोड करावी लागते, म्हणून मी तिकडे गेलो नाही. त्याऐवजी कूलर एका नंबरवर आणि खुर्ची त्याच्या तोंडासमोरून बाजूला. एवढ्याने बायाँची (डग्ग्याची) मींड ऐकू येते.

घामाचं काय, तर रेग्झिनच्या गाद्या कुठल्याही कंपनीच्या असोत, मे महिन्यात अर्ध्या तासात कान ओलेचिंब. माझ्या आधीच्या एका स्वस्त हेडफोनच्या गाद्यांचं रेग्झिन दुसऱ्याच उन्हाळ्यात पापुद्र्यांनी सुटायला लागलं होतं, आणि काळे कण कानाच्या पाळीला चिकटायचे. या वेळी आईने जुन्या मलमलच्या धोतराचे दोन गोल कापून, कडेला बारीक इलॅस्टिक घालून, गाद्यांना टोपडी शिवली. आठवड्याला धुवायची. गादी आणि कान यांच्यात कापड आलं की बास किंचित कमी होतो, पण मलमल पातळ असल्याने फरक शोधावा लागतो. मखमली, म्हणजे व्हेलूरच्या गाद्या बाजारात मिळतात. त्या थंड असतात, पण त्यातून बास जास्त गळतो आणि कूलर जास्त आत येतो. मला मलमल परवडली.

ज्यांना कानाभोवती काही सहनच होत नाही त्यांच्यासाठी कॉस पोर्टा प्रो. १९८४ पासून जवळपास त्याच रूपात मिळतो, ६० ओहम, कानावर टेकणारा फोम, वजन नगण्य. हिवाळ्यात किंवा पहाटे, कूलर बंद असताना, याच्याइतकं सुटसुटीत काही नाही. ट्रेनमध्ये मात्र निरुपयोगी, आणि शेजाऱ्यालाही सगळं ऐकू जातं.

सोनीचा एमडीआर-७५०६ पण यादीत होता. स्टुडिओवाल्यांचा जुना भरवशाचा माल, ६३ ओहम. पण त्याची गुंडाळीची वायर हेडफोनला कायमची जोडलेली आहे. भादली स्टेशन गेल्यावर दारापाशी उभं राहायचं असतं तेव्हा ती लोंबती वायर कुठे ठेवणार? एम४०एक्सची वायर काढता येते, आणि माझ्यासाठी तिथेच निर्णय झाला.

आता ॲम्पचा मुद्दा. यात सर्वांत जास्त गोंधळ ओहमवरून होतो. ‘जास्त ओहम म्हणजे भारी हेडफोन’, ‘ओहम जास्त तर ॲम्प हवाच’, अशी वाक्यं सगळीकडे ऐकू येतात. ओहम म्हणजे हेडफोन विजेला करतो तो नुसता अडथळा. त्यासोबत संवेदनशीलता, म्हणजे अमुक ताकदीला किती आवाज निघतो, ते पाहिल्याशिवाय काहीच ठरत नाही. आणि तो आकडा कशावर मोजलाय हेही पाहायचं. काही कंपन्या एका मिलिवॉटला किती डेसिबल ते देतात, काही एका व्होल्टला किती ते देतात. सेनहायझर एचडी ६०० चा आकडा ९७ आहे, पण तो एका व्होल्टला. एम४०एक्सचा ९८ आहे, पण तो एका मिलिवॉटला. कागदावर सारखे दिसणारे हे दोन हेडफोन एकाच डोंगलवर लावले तर आवाजात पंधराएक डेसिबलचा फरक पडतो.

गणित सोपं आहे. ३ डेसिबल वाढवायचे तर ताकद दुप्पट, १० वाढवायचे तर दहापट. शास्त्रीय रेकॉर्डिंगमध्ये आलाप हळू असतो आणि तबल्याची थाप अचानक वर जाते, म्हणून अशा थापांसाठी ११० डेसिबलपर्यंतची जागा धरायची. सतत तेवढं ऐकायचं नाही, फक्त क्षणभराच्या उंचीला आवाजाची कापाकापी होऊन तो फाटू नये एवढ्यासाठी. एम४०एक्सला ९८ वरून ११० ला जायला १२ डेसिबल, म्हणजे १६ मिलिवॉट. हेडफोन ३५ ओहमचा. १६ गुणिले ३५, भागिले हजार, ०.५६. त्याचं वर्गमूळ ०.७५. म्हणजे पाऊण व्होल्ट. साधा डोंगल एक व्होल्टच्या आसपास देतो. विषय संपला.

तेच डीटी ७७० च्या २५० ओहमवाल्याला लावा. एका मिलिवॉटला ९६ डेसिबल. ११० साठी १४ वाढवायचे, म्हणजे २५ मिलिवॉट. २५ गुणिले २५०, भागिले हजार, ६.२५. वर्गमूळ अडीच व्होल्ट. एक व्होल्टच्या डोंगलवर तो १०२ ला थांबतो. हल्ली दोन व्होल्टचे डोंगल मिळतात, त्यांच्यावर १०८ पर्यंत जातो आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. म्हणजे २५० ओहमच्या हेडफोनलाही वेगळा ॲम्प लागेलच असं नाही. वरच्या मजल्यावर पाणी चढवायला प्रेशर लागतं, मोठा पाइप नाही, तसं जास्त ओहमला व्होल्ट लागतात. एचडी ६०० ला याच हिशेबाने साडेचारच्या आसपास व्होल्ट लागतात. तिथे ॲम्पची खरी गरज सुरू होते, पण तो हेडफोन या बजेटातला नाही.

हे नुसतं कागदावर ठेवलं नाही. घरात इलेक्ट्रिशियनवाला साधा मल्टीमीटर होता. डोंगलला दोन तोंडांची वाय वायर लावली, एका तोंडात हेडफोन, दुसऱ्यात मीटरच्या पिना टेकवलेली उघडी वायर. फोनवर ५० हर्ट्झचा सलग सूर लावला. साधे मीटर घरच्या विजेसाठी बनवलेले असतात, त्यामुळे ५० हर्ट्झला बरोबर दाखवतात आणि १००० हर्ट्झला वाटेल ते दाखवतात, हे भावाने सांगितलं म्हणून कळलं. फुल व्हॉल्यूमला डोंगल एक व्होल्टच्या किंचित आत दाखवत होता. एक सूचना: हे करताना हेडफोन टेबलावर ठेवा, कानावर नाही.

मग ॲम्प जोडून व्हॉल्यूम असा लावला की मीटर दोन्हीकडे सारखं दाखवेल. तुलना करायची तर हे केल्याशिवाय काही अर्थ नाही, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमी ‘जास्त खुला’, ‘जास्त दमदार’ वाटतो. भावाने आलटून पालटून जोडलं, मी डोळे मिटून ऐकलं. एम४०एक्सवर मला फरक सांगता आला नाही. त्यालाही नाही, आणि तो ॲम्प त्याने हौसेने घेतलेला. डीटी ७७० वर मात्र हळू आलापाच्या रेकॉर्डिंगला डोंगलचा व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेऊनही समाधान होईना, तिथे ॲम्प लागला. म्हणजे गणिताने जे सांगितलं तेच कानाने सांगितलं.

ॲम्प सोबत बाळगण्याचा त्रास वेगळाच. नुसता ॲम्प आवाजाचं डिजिटलवरून ॲनालॉग करत नाही, ते काम डोंगलमधली चिप करते. पूर्वी फोनला जॅक होता तेव्हा तो थेट ॲम्पला जोडता यायचा. आता फोन, मग डोंगल, मग छोटी वायर, मग ॲम्प, मग हेडफोन. अपडाऊनच्या गर्दीत ही वरात शर्टाच्या खिशात मावत नाही. शिवाय फोन ॲम्पला चिकटून असला आणि नेटवर्क कमी झालं की मधूनच चर्रर्र येतं. संवेदनशील इअरफोन लावले आणि गेन (ॲम्प आवाज किती पट वाढवतो ते बटण) जास्तवर राहिला तर गाणं थांबल्यावरही बारीक हिस्स ऐकू येतो. आणि बॅटरी. लिथियमच्या बॅटऱ्या साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं असतं, आणि आमच्याकडे दुपारी बंद गाडीत किंवा खिडकीत ठेवलेली बॅग त्याच्या कितीतरी वर जाते. भावाचा ॲम्प मी सावलीतच चार्ज करायचो, तोही संध्याकाळी.

डोंगल घेताना एकच पाहा. काही डोंगलमध्ये चिप नसते, नुसत्या तारा असतात. ते काही जुन्या फोनवरच चालतात. जळगावच्या गोलाणी मार्केटात दोन्ही प्रकार एकाच खोक्यात दिसतील. काउंटरवरच स्वतःच्या फोनला लावून गाणं वाजवून पाहायचं, शक्य असेल तर लॅपटॉपलाही. लॅपटॉपला नवीन साउंड डिव्हाइस दिसलं तर आत चिप आहे. मला एका दुकानदाराने मोठ्या प्रेमाने सांगितलं, “भो, हा ३२ बिट ३८४ वाला घ्या, आवाज सीडीच्या वर जाईन.” हे आवाज किती बारकाईने साठवलाय त्याचे आकडे, आणि सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. यूट्यूबवरची अहिराणी गाणी त्याहून कितीतरी दाबलेली. तो ३८४ चा आकडा कानापर्यंत पोचतच नाही, हे त्याला सांगितलं तर म्हणाला, “मग नुसता वाजणारा देतो.” तोच घेतला.

पैशांचं खरं चीज झालं ते कानबाईच्या रेकॉर्डिंगवर. श्रावणात आमच्या गल्लीत कानबाई बसते, रात्रभर बाया गाणी म्हणतात, मी फोनवर रेकॉर्ड करतो. फोनच्या स्पीकरवर ते सगळं एक गलका वाटायचं. एम४०एक्सवर पहिल्यांदा कळलं की मुख्य गाणारी एका बाजूला बसली आहे, झील धरणाऱ्या तिच्या मागे आहेत आणि त्यातली एक अर्धा शब्द उशिरा उचलते. बांगड्या वेगळ्या, मागचा कुकर वेगळा. कुठली फ्रिक्वेन्सी कापली तर पंखा जातो आणि गळा राहतो, हे ऐकून ठरवता येतं. या हेडफोनचा बास फुगवलेला नाही, त्यामुळे डीजेची गाणी ऐकणाऱ्याला तो कोरडा वाटेल. माझ्या पुतण्याने दोन मिनिटांत काढून ठेवला. मंचाचा विस्तार, म्हणजे गाणं किती मोकळ्या जागेत पसरल्यासारखं वाटतं ते, म्हणाल तर क्लोज्ड-बॅकचा जेवढा असतो तेवढाच, गाणारी समोर नाही, डोक्यात बसलेली.

व्हॉल्यूमबद्दल एक सांगणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असं आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. कूलर चालू असला की हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो आणि किती वाढवलं ते लाइट गेल्यावरच कळतं, कारण कूलर बंद पडतो आणि कानात गाणं किंचाळत असतं. मी आता लाइट गेलेली असताना व्हॉल्यूम ठरवतो आणि कूलर आल्यावर हात लावत नाही.

वायरबद्दल, कारण हे खोक्यात पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. सोबत येते ती तीन मीटरची सरळ आणि दुसरी गुंडाळीची. दोन्ही टेबलासाठी ठीक, प्रवासाला नाहीत. हेडफोनच्या बाजूचं टोक २.५ मिलिमीटरचं आणि फिरवून अडकवायचं आहे, त्यामुळे गावातल्या मोबाइलच्या दुकानातली कुठलीही ऑक्स वायर चालत नाही. १.२ मीटरची, त्याच लॉकची वायर वेगळी मागवावी लागते. हेडफोनसोबतच मागवा, म्हणजे कुरियरचा खर्च एकदाच.