सोलापुरात सरकारी कागद मिळवायचाय: नक्कल, सोमवारचं अवलोकन की माहिती अधिकार?

कागद तुमच्या स्वतःच्या नावाचा असेल, म्हणजे जन्म-मृत्यूचा दाखला किंवा घराचा कर आकारणी उतारा, तर माहिती अधिकाराच्या वाटेला जाऊच नका. अशा सेवांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 आहे. शुल्क आणि मुदत ठरलेली असते, मुदत टळली तर अपीलही करता येतं. सातबारा तर महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल सहीसह 15 रुपयांत मिळतो.

खरा प्रश्न सार्वजनिक कामाचा. समजा, जुळे सोलापुरातल्या तुमच्या रस्त्यावर एकाच पावसात खड्डे पडले आणि ठेकेदाराला पैसे कशाचे दिले ते बघायचंय. इथे दोन वाटा आहेत.

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करायचा, त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं. माहिती कशाला हवी, हे सांगावं लागत नाही. उत्तराला 30 दिवस. ती मुदत चुकली तर माहिती फुकट द्यावी लागते, एरवी छायाप्रतीला पानामागे 2 रुपये. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. हाताशी पोच राहते, ही या वाटेची ताकद. अडचण अशी की राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. त्यात 'रस्त्याची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं की 'माहिती व्यापक स्वरूपाची आहे' हे उत्तर ठरलेलं.

दुसरी वाट फार कमी लोकांना ठाऊक आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत आणि महापालिका, जिल्हा परिषदेत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख बघायला द्यायचे आहेत. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, अधिकाऱ्यांच्या टिपण्या, सगळं एका फाइलमध्ये समोर येतं. मात्र 'साहेब साइटवर गेलेत' म्हणून परत पाठवलं तर तुमच्याकडे लेखी काहीच उरत नाही.

म्हणून माझं मत: आधी सोमवारी फाइल बघा, फाइल क्रमांक आणि हवी ती पानं टिपून घ्या, मग नेमक्या त्याच पानांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. वाद कोर्टात जाईल असं दिसत असेल तर मात्र सुरुवातच अर्जाने करा. त्यातही फाइल बघायची मागणी करता येते, इतकंच काय, कामाची पाहणी करून वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो.

रस्ता नेमका कोणाचा हे आधी विचारून घ्या. शहरातली काही कामं स्मार्ट सिटीच्या कंपनीने केली, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहेत. सोमवारी महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीत जाऊन कळलं की फाइल दुसरीकडे आहे, तर तो सोमवार वाया जातो. अर्जाचं तसं नाही, चुकीच्या कार्यालयात पडला तरी कलम 6(3) खाली त्यांनीच तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.